मिस्त्रींचा अर्धा अंगठा

मिस्त्री गेले त्यानंतर आठवड्याभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "काका, बाबांबद्दल चार ओळी लिहून द्या ना. तुम्ही त्यांना सगळ्यात जास्त ओळखत होतात." मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि विचार करत बसलो, की मी त्यांना कितीसा ओळखत होतो? सव्वीस वर्षं माझी गाडी त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यांचं पूर्ण नाव मला गॅरेजच्या बंद शटरवर चिकटवलेल्या कागदावरून कळलं. त्यांना भावंडं किती, बायको कोणत्या वर्षी गेली, झोप लागायची की नाही, यातलं काही मला सांगता येणार नाही. ते गाडीखाली असायचे आणि मी स्टुलावर. सव्वीस वर्षांतला निम्मा वेळ मी त्यांचे पायच बघितले.

चार ओळी लिहून दिल्या. माणूस हातचा पक्का होता, असं त्यात लिहिलं. ते खरंच आहे. उरलेलं तिला देण्यासारखं नव्हतं, ते इथे लिहितो. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा कमीजास्त सांभाळून घ्यावं.

माझं काम काचा पोचवण्याचं. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या मोठ्या काचा पिकअपच्या मागे लाकडी चौकटीत उभ्या बांधायच्या आणि तडा न जाऊ देता नेऊन द्यायच्या. त्यामुळे माझी गाडी कधी पळाली नाही. मिस्त्री म्हणायचे, "काचवाले, तुम्ही गाडी चालवत नाही, पाळणा हलवता." मला ते याच नावाने हाक मारत. मी त्यांना मिस्त्री म्हणे. बाजारातले बाकीचे लोक मात्र त्यांना हुंग्या म्हणत, तेही तोंडावर, आणि ते ओ देत.

हुंग्या म्हणण्याचं कारण त्यांचं नाक. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी ते कमरेत वाकून चारी बाजूंनी तिचा वास घ्यायचे. ऑइल जळतंय, क्लच जळतोय, वायर तापतेय, सगळं नाकाने. इंजिन गार ठेवणारं जे रंगीत पाणी असतं, कूलंट, त्याचा वास गोडसर असतो. तो त्यांना रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचाही यायचा. एकदा एका अनोळखी माणसाला हात करून थांबवलं आणि सांगितलं, "पुढच्या चौकात उकळणार आहे तुमची." तो शिवी देऊन गेला आणि दहा मिनिटांनी गाडी ढकलत परत आला.

दुसरी त्यांची ओळख म्हणजे उजवा अंगठा. तरुणपणी फिरत्या पट्ट्यात सापडून पहिल्या पेरापासून गेला होता. उरलेला अर्धा बुटका आणि चपटा, चमच्याच्या दांडीसारखा.

आणि तिसरी, पुठ्ठे. गळती शोधायची असली की ते इंजिनखाली खोक्याचा स्वच्छ पुठ्ठा अंथरायचे आणि गाडी तासभर उभी ठेवायचे. डाग कुठे पडला, कोणत्या रंगाचा, केवढा, हे बघून वर कुठे गळतंय ते सांगायचे. मग पुठ्ठ्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून तो भिंतीला उभा करून ठेवायचे. फेकत नसत. "डॉक्टर फोटो फेकतो का?" म्हणायचे. भिंतीशी शे-दोनशे पुठ्ठे असतील.

गळतीवर बाहेरून सीलंट, म्हणजे ती लाल चिकट लुकण, फासणाऱ्या मेकॅनिकचा त्यांना भयंकर राग. "थुंकी लावून चिकटवतात साले," म्हणायचे. "ज्याला उघडायचा कंटाळा, त्याने पंक्चरं काढावीत."

तर एका वर्षी माझ्या गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीवर मी बायकोच्या नेलपॉलिशने एक रेघ ओढून ठेवली होती. रोज सकाळी बॉनेट उघडून बघायची सवय. पाणी कधी रेघेवर असे, कधी बोटभर खाली, आणि दोन दिवसांनी पुन्हा रेघेवर! खाली जमिनीवर थेंब नाही. चढावर गाडी ओढायला लागली की केबिनमध्ये काहीतरी गोड वास आल्यासारखं वाटे. दुपारनंतर गाडी माझा धाकटा भाऊ चालवायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला तर नाही आला वास, दादा. पाणीही बरोबर आहे. तू नीट बघितलंस का?"

गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती रात्रभर ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर शोधलं. मी स्टुलावर बसून सगळं बघत होतो. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला. काटा जागचा हलला नाही. होज पाइप एकेक दाबून बघितले. वॉटर पंपाखाली बोट फिरवून मला दाखवलं, कोरडं. केबिनमधली पायाखालची चटई उचलली, कोरडी. पुठ्ठा अंथरला, स्वच्छ. शेवटी ते बॉनेटवर वाकले आणि वास घेतला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग सरळ झाले आणि म्हणाले, "काही नाही."

"पण मला चढावर वास येतो."

"काचवाले, हे नाक चाळीस वर्षं हेच करतंय. काही नाही."

"मग पाणी खालीवर कसं होतं?"

"इंजिन गरम असलं की पाणी फुगतं, बाटलीत वर चढतं. गार झालं की उतरतं. तुम्ही एक दिवस गरम बघता, एक दिवस गार."

"मी रोज सकाळी गारच बघतो."

"रोज?"

मी थांबलो. "बहुतेक."

"बहुतेक," ते म्हणाले आणि हात पुसायला लागले. मग हळू आवाजात, अगदी मायेने म्हणाले, "वय होतं माणसाचं. मलाही हल्ली तेरा नंबरचा पाना कुठे ठेवला ते आठवत नाही. बाटलीचं झाकणसुद्धा सैल होतं तुमचं. शेवटचं कुणी लावलं?"

मीच लावलं होतं.

आमचे वडील शेवटची चार वर्षं आम्हाला ओळखत नव्हते. त्यांची सुरुवात अशीच झाली होती, झाकणं, चाव्या, नळ यांच्यापासून. ते आपल्यालाही होईल ही भीती मी तरुणपणापासून पोटात घेऊन होतो. बायकोलाही कधी बोललो नव्हतो. सांगितलं होतं एकाच माणसाला, मिस्त्रींना, एका दुपारी, ते गाडीखाली असताना. समोर तोंड नसलं की मला बोलता येतं. खालून पान्याचा आवाज थांबला होता आणि ते म्हणाले होते, "तुम्हाला काही होत नाही. तुम्ही काचेची माणसं, जपून राहता."

त्याच माणसाने "वय होतं" म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजलो.

घरी येऊन धाकट्याच्या हातात चावी दिली. पाठीमागे माणसाच्या उंचीची काच आणि पुढे आपलं डोकं असं, हे मला झेपणार नव्हतं. तो "अरे दादा, कशाला, बघू ना," असं काहीतरी म्हणाला, पण चावी त्याने घेतली. बायकोला फक्त एवढं सांगितलं की हल्ली विसरायला होतं. मग घरातल्यांचं वागणंही बदललं. मी न्हाणीघरातून आलो की बायको मागून जाऊन नळ बघून यायची. गॅस मी बंद केला की ती पुन्हा बंद करायची. बोलायची नाही काही, आणि तेच जास्त लागायचं. सकाळी मी दारासमोर खुर्ची टाकून पेपरचे मथळे पाठ करायचो आणि दुपारी किती आठवतात ते मोजायचो. एखाद्या दिवशी नऊपैकी पाच. एखाद्या दिवशी आठ. आठ आठवले की जेवण गोड लागायचं.

सात महिने हे चाललं.

मग धाकट्याला सासुरवाडीला आठ दिवस जावं लागलं. सासरे पडले होते. गाडी दारात उभी. बॅटरी उतरू नये म्हणून मी रोज सकाळी अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी सवयीने बॉनेट उघडलं. पाणी रेघेवर होतं. पण उद्या मला हे आठवेल का? म्हणून कागद घेतला. तारीख, वेळ, 'इंजिन गार, पाणी रेघेवर' असं लिहिलं आणि बायकोला हाक मारली.

"इथे सही कर."

"कशाची?"

"पाणी कुठे आहे ते बघ, इंजिनला हात लाव आणि सही कर."

तिने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. तरी हात लावला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "गार आहे. रेघेवर आहे. आता कोर्टात जायचंय का?" आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी बोटभर खाली होतं. कागदावर तिच्या दोन सह्या होत्या. तिसरी करताना तिचा हात थांबला. "म्हणजे हो..." एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती नळ बघायला गेली नाही.

मी शोधायला लागलो. सव्वीस वर्षं स्टुलावर बसून जे बघितलं होतं तेवढंच मला येत होतं. पुठ्ठा अंथरला, स्वच्छ. होज दाबले, कोरडे. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मिस्त्रींनी त्या दिवशी सगळं गार इंजिनावर केलं होतं. गाडी रात्रभर त्यांच्याकडेच ठेवून घेतली होती आणि दाबाचा पंपसुद्धा ती थंडगार असताना लावला होता. मी इंजिन चालू केलं आणि अर्ध्या तासाऐवजी तासभर चालू ठेवलं, मधून मधून रेस केलं. बॉनेटवर वाकलो. गोड वास होता. मला येत होता.

दाढीचा आरसा आणि उजेडाला हातातली बॅटरी आणून इंजिनाच्या मागच्या अंगाला, केबिनच्या पत्र्याकडे, जिथे डोळा पोचत नाही तिथे आरसा धरला. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते जिथे खालच्या ठोकळ्यावर बसतं त्या सांध्यातून पाण्याचे बारीक बुडबुडे येत होते आणि शेजारच्या तापलेल्या एक्झॉस्टवर, धुराच्या नळीवर, पडून तिथल्या तिथे वाळत होते. म्हणून जमिनीवर थेंब नाही. खाली पांढरट हिरवी खपली धरली होती. गार झालं की सांधा बसत होता आणि गळती बंद. गार इंजिनावर ती कुणालाच सापडली नसती. जिथे गळतं तिथे आधीच लाल लुकण फासलेली होती. जुनी, कडक झालेली. ज्याने फासली त्याने वरून अंगठ्याने दाबून गुळगुळीत केली होती. अंगठा उमटला होता. बुटका, चपटा, चमच्याच्या दांडीसारखा.

मी इंजिन बंद केलं. पण दोन दिवसांनी पाणी पुन्हा रेघेवर कोण आणत होतं? मग केबिनमध्ये जाऊन सीट उचलली. धाकट्याच्या जुन्या शर्टात गुंडाळलेला कूलंटचा डबा होता. अर्धा.

सात महिन्यांनी मी स्टीअरिंग धरलं. रस्ता सगळा आठवत होता.

मिस्त्री बाहेरच होते. माझ्याकडे बघितलं, मग शेजारची सीट रिकामी आहे ते बघितलं.

"कुणी आणली?"

"मी."

"एकट्याने?"

मी बॉनेट उघडलं, मागे आरसा धरला आणि बॅटरी त्यांच्या हातात दिली. "हा अंगठा कुणाचा, मिस्त्री?"

त्यांनी बघितलं. फार वेळ बघायची गरज नव्हती. बॅटरी विझवली, आत गेले आणि भिंतीजवळच्या पुठ्ठ्यांमधून एक पुठ्ठा ओढून काढला. शोधावा लागला नाही. कुठे आहे ते ठाऊक होतं. माझ्या गाडीचा नंबर, मधोमध हिरवा तळहाताएवढा डाग, आणि तारीख. मी गाडी दाखवायला आणली त्याच्या आधी अकरा महिन्यांची.

"होज फुटला होता," ते म्हणाले. "धाकट्याच्या लक्षात आलं नाही, काटा लालवर गेला तरी हाणत राहिला. इथे आला तेव्हा इंजिन पेटायचं बाकी होतं. होज बदलला. हेड वाकलं होतं, ते उतरवून घासून आणायला हवं होतं. दोन दिवसांचं काम. तो म्हणाला, संध्याकाळी गाडी घरी दिसली नाही तर दादाला कळेल, आणि कळलं तर तो पुन्हा चावीला हात लावू देणार नाही. अक्षरशः हातापाया पडला."

"म्हणून तुम्ही थुंकी लावलीत."

त्यांनी मान खाली घातली. "लावली. म्हटलं, पुढच्या महिन्यात काहीतरी निमित्त काढून उघडू. तो पाणी टाकत राहिला. दिवस गेले."

"आणि माझं काय?"

"तुम्ही वास घेऊन आलात. आता काय सांगायचं? मला वाटलं, दोन दिवस मनाला लावून घ्याल आणि विसराल."

"विसरेन?"

गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. रेडिओ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"वडिलांचं मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुम्हाला एकट्याला."

"हो."

"ते आठवलं होतं का त्या दिवशी?"

नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, आणि कदाचित सगळं मिटलंही असतं. पण ते म्हणाले, "आठवलं होतं. म्हणूनच सुचलं."

मला वाटतं, त्या माणसाने सव्वीस वर्षांत मला सांगितलेली ही सगळ्यात खरी गोष्ट असेल. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मग ते म्हणाले, "एकदा सांगायला आलो होतो तुमच्या दारापर्यंत. तुम्ही खुर्ची टाकून पेपर वाचत होतात. म्हटलं, बरे दिसतायत. आरामात आहेत. परत फिरलो."

"मी मथळे पाठ करत होतो, मिस्त्री."

"कशाला?"

मी सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण ते मटकन स्टुलावर बसले. माझ्या स्टुलावर. मी उभाच होतो.

गाडी मी दुसरीकडे नेऊ शकलो असतो. बायकोही तेच म्हणाली. पण दुसऱ्या कुणाला ते हेड उघडायला दिलं असतं, तर त्याने तो अंगठा बघून जगभर सांगितलं असतं, आणि ते मला नको होतं. हे त्यांच्यासाठी केलं की माझ्यासाठी, ठाऊक नाही. दोन दिवस मी तिथे बसलो. त्यांनी हेड उतरवलं, घासून आणलं, जुनी लुकण पात्याने खरवडून काढली, सांध्यात नवी गॅसकेट टाकली, बोल्ट क्रमाने आवळले. शेवटी इंजिन चांगलं तापवलं आणि मगच पंप लावून दाब भरला. मला जवळ बोलावून काटा दाखवला. मी बघितला.

धाकटा परत आला त्या दिवशी त्याच्यासमोर तो डबा ठेवला. त्याने तो उचलून पुन्हा खाली ठेवला. म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर चावी दिली असतीस?" नसती दिली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "आणि सात महिने मी घरात बसलो ते?" त्यावर म्हणाला, "मला वाटलं तुला आराम मिळतोय." दोघांनाही मी आरामात दिसत होतो. आता आम्ही सकाळ-दुपार पुन्हा वाटून चालवतो. जेवतो एकत्र. पण गाडी हातात घेताना मी बॉनेट उघडतो, आणि तो ते बघत उभा असतो.

मिस्त्रींकडे त्यानंतर मी गेलो नाही. त्यांच्या गल्लीवरून वर्षभर जात राहिलो. ते बाहेर असले की मान हलवायचे, मीही हलवायचो. मग एक दिवस शटर बंद दिसलं आणि त्यावर तो कागद.

बोलणं शेवटचं झालं ते दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी चारच्या सुमाराला. मी केबिनमध्ये बसलो होतो, इंजिन चालू होतं. त्यांनी बॉनेट लावलं, फडक्याने त्यावरचे आपल्या हातांचे डाग पुसले आणि माझ्या खिडकीपाशी आले. काचेच्या कडेवर तो अर्धा अंगठा ठेवला आणि लगेच उचलला.

"चार दिवसांनी पाणी बघा," म्हणाले.

"बघतो."

"गार असताना."

"माहीत आहे मला."